डब्याला ताप आलाय!

पुण्यात थंडी पडली हे कळतं कसं? पेपरातल्या पाऱ्यावरून नाही, की सकाळी सकाळी येणाऱ्या कुडकुडत्या जोक्सवरूनही नाही. कुणाच्या तरी घरात स्टुलावर चढून माळ्यावरचं काहीतरी धप्पकन खाली काढल्याचा आवाज येतो आणि पाठोपाठ शिंका ऐकू येतात, तेव्हा समजायचं की आता खरी थंडी पडली. आमच्या घरी हा आवाज २०२४ च्या डिसेंबरात झाला. कारण आजी आली होती.

आजी कोकणातली, राजापूरच्या बाजूची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला कर्वेनगरच्या माझ्या वन बीएचकेमध्ये आणलेली. कोकणात ती डिसेंबरातही पहाटे अंगणात फिरते, पण पुण्याची कोरडी थंडी तिला झेपेना. मी तिला समजावायला म्हटलं, ‘‘अगं आजी, हे काहीच नाही. १९३५ च्या १७ जानेवारीला पुण्यात १.७ अंश तापमान होतं.’’ ती शालीतून म्हणाली, ‘‘तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. मला आजचं सांग.’’

आजचं म्हणजे माळ्यावरचा फॅन हीटर. तुमच्याही घरी असेल बघा. छोटासा प्लॅस्टिकचा डबा, पुढे जाळी, मागे जाळी, आत एक फॅन आणि एक कॉइल, वर दोन नॉब. फॅन, १०००, २००० असं लिहिलेलं. आईने २०१३ मध्ये घेतलेला, मग पीजीपासून या फ्लॅटपर्यंत माझ्याबरोबर फिरलेला. प्लग लावला, नॉब २००० वर फिरवला. एरवी घर्रर्र असा आवाज येतो. या वेळी आला फक्त ‘म्म्म्म’. गुणगुणणं चालू, फॅन जागच्या जागी. दोन मिनिटांत जळका वास आला, आत कुठेतरी ‘टक्’ झालं आणि हीटर बंद. थोड्या वेळाने स्वतःहूनच पुन्हा चालू झाला, पुन्हा वास, पुन्हा टक्. मी आपली बघत बसले, म्हटलं सुरू होईल हळूहळू. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर तो जो गप्प झाला, तो कायमचाच. (बघत बसणं ही माझी पहिली चूक. चुका पुढेही आहेत, धीर धरा.)

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता जवळच्याच एका रिपेअरिंगच्या दुकानात तो टाकला. संध्याकाळी परत मिळाला. दीडशे रुपये. काय झालं होतं, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘‘काय नाय मॅडम, आतला एक पार्ट उडाला होता. डायरेक्ट करून दिलाय. आता टेन्शन नाय.’’ प्लग लावून दाखवला, फॅन फिरत होता, गरम वारा येत होता. मी खूश. डायरेक्ट म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

दोन रात्री मस्त गेल्या. तिसऱ्या रात्री अडीच वाजता आजीने मला हलवलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर पट्टी, पण नाक शाबूत. म्हणाली, ‘‘गो, उठ जरा. तुझ्या त्या डब्याला ताप आलाय. मी बटण बंद केलंय.’’ खोलीत प्लॅस्टिक जळल्याचा वास होता. आजीच्या म्हणण्याप्रमाणे जाळीच्या आत ‘चुलीतल्या निखाऱ्यासारखं’ लाल दिसत होतं आणि फॅन म्हाताऱ्यासारखा चालत होता. पुढच्या जाळीची वरची कड चक्क वाकली होती. हीटरपासून दीड हातावर पडदा, पडद्याला लागून आजीची गादी. त्या रात्री मला झोप लागली नाही. आजी मात्र दोन दुलया घेऊन घोरायला लागली.

शनिवारी डबा घेऊन मी एका मोटर रिवाइंडिंगवाल्या काकांकडे गेले. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचं काम तेच करतात. दुकान इतकं छोटं की गिऱ्हाईकाने बाहेरच उभं राहायचं. त्यांनी चार स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की शाळेत गृहपाठ विसरल्याची आठवण झाली. मग पक्कडच्या टोकाने एक वायर उचलून दाखवली. दोन्ही टोकं पिळून, वर काळी टेप.

‘‘ताई, हे कुणी केलं? घरात लहान मूल आहे का?’’

‘‘आजी आहे.’’

‘‘मग तर वाचलात.’’

आता फंडा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आपल्याला वाटतं, हीटरमध्ये मुख्य काम कॉइलचं आणि फॅन आपला गरम वारा आपल्यापर्यंत पोचवायला. काका म्हणाले, ‘‘फॅन तुमच्यासाठी नाहीच. तो कॉइलसाठी आहे. तुम्हाला वारा मिळतो तो बोनस.’’ कॉइल असते नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू. अल्बर्ट मार्श नावाच्या अमेरिकन माणसाने १९०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि टोस्टरपासून हेअर ड्रायरपर्यंत सगळं शक्य झालं. ही तार वितळायला साधारण १४०० अंश लागतात, त्यामुळे तिला स्वतःला फारसं काही होत नाही. पण फॅन फिरो न फिरो, २००० वॅटची कॉइल २००० वॅटची उष्णता काढतच राहते. वारा ती घेऊन गेला, तर खोली गरम. नाही गेला, तर कॉइल लालभडक, मग भोवतालचं प्लॅस्टिक, मग तुमचा पडदा.

हे होऊ नये म्हणून आत दोन राखणदार बसवलेले असतात. पहिला कट-आउट. दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, गरम झाली की वाकते आणि करंट तोडते, गार झाली की पुन्हा जोडते. मी ऐकलेलं ‘टक्’ ते हेच. दुसरा थर्मल फ्यूज. हा बोटाच्या पेराएवढा, आणि एकदाच कामाला येणारा. त्याच्यावर छापलेल्या तापमानाला तो आतून तुटतो, तो पुन्हा जोडला जात नाही. म्हणजे पहिल्या दिवशी माझा हीटर ‘बिघडला’ नव्हताच. फॅन अडकला होता, कट-आउटने तीन-चारदा ओरडून सांगितलं, मी ऐकलं नाही, शेवटी फ्यूजने स्वतःचा जीव देऊन हीटर बंद केला. आणि दुकानात काय झालं? या दोघांना वळसा घालून एक वायर टाकली गेली. त्यालाच डायरेक्ट म्हणतात. फॅनवर कसला तरी गंज सोडवायचा स्प्रे मारला असणार, असं काकांचं म्हणणं, कारण तो दोन दिवस चालला. स्प्रेने उरलंसुरलं तेल धुऊन काढलं, स्प्रे उडून गेला आणि फॅन पहिल्यापेक्षा जास्त कोरडा झाला. फक्त या वेळी ‘टक्’ करायला कुणीच जागेवर नव्हतं.

मी विचारलं, ‘‘काका, मग मुळात फॅन का अडकला? कपॅसिटर गेला असेल ना?’’ आपल्याकडे कुठलाही पंखा हळू झाला की तोंडातून कपॅसिटरच येतो. काका हसले. छतावरच्या पंख्याला कपॅसिटर असतो. अशा बहुतेक छोट्या हीटर्समध्ये शेडेड पोल नावाची साधी मोटर असते. लोखंडी पत्र्यांची चौकट, एका बाजूला तारेचं बंडल आणि दोन कोपऱ्यांत जाड तांब्याच्या कड्या. कपॅसिटर नाही, कार्बन ब्रश नाही. बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाहीच. पण सुरू होताना तिच्यात जोर फार कमी असतो. धुळीचा गुंता किंवा सुकलेलं तेल एवढंही तिला अडवायला पुरतं. तिच्या दांड्याला दोन्ही टोकांना सच्छिद्र धातूचे बुश असतात आणि बुशाभोवती तेल धरून ठेवणारी नमद्यासारखी चकती. नऊ महिने माळ्यावर पडून, वर वर्षानुवर्षं गरम होऊन ते तेल चिकट होतं. बस्स, एवढाच आजार.

पुढचं काम काकांनी माझ्याकडूनच करून घेतलं. स्वतः स्टुलावर बसून चहा पीत सूचना दिल्या. आणि मंडळी, शप्पथ सांगते, हे काम घरी रविवारी तासाभरात होतं. अट एकच. प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि हीटर नुकताच चालला असेल तर अर्धा तास थांबायचं. हीटर वॉरंटीत असेल तर मात्र हात लावू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.

आधी पारख. मागच्या जाळीतून एखादी बारीक काडी घालून पातं ढकलून बघायचं. धडधाकट फॅन टिचकी मारल्यावर चार-सहा फेऱ्या घेत हळूहळू थांबतो. माझा अर्धी फेरी फिरून थांबला. फिरताना पातं कुठे घासत असेल तर ते वेगळं दुखणं.

मग झाकण. स्क्रू खोल भोकांत असतात, त्यामुळे लांब आणि बारीक दांड्याचा स्टार स्क्रूड्रायव्हर हवा. उघडल्यावर काहीही हलवायच्या आधी मोबाइलने दोन-तीन फोटो काढायचे. कुठली वायर कुठे होती हे लक्षात राहील, असं प्रत्येकाला वाटतं आणि कुणाच्याच लक्षात राहत नाही. हिरवी वायर अर्थिंगची, ती सुटली तर आठवणीने परत घट्ट बसवायची.

आत जे दिसलं ते सांगायला लाज वाटते. मागच्या जाळीला आतून राखाडी रंगाचा गालिचा. त्यात माझे केस, फ्लॅटमेटच्या मांजरीचे केस, कापसाचे तंतू. हवा आत यायची वाटच बुजलेली. म्हणजे फॅन ठणठणीत असता तरी वारा अपुराच पडला असता. एक इंची पेंटचा नवा, कोरडा ब्रश घेऊन हे सगळं झटकायचं. घरी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तमच. पाणी नाही, ओलं फडकं नाही, साबण तर नाहीच नाही. पातीही एकेक करून पुसायची, कारण एकाच पात्यावर धूळ जास्त बसली तर फॅन थरथरतो. कॉइलवरून मात्र ब्रश मोराच्या पिसासारखा फिरवायचा. ती अभ्रकाच्या पातळ पट्ट्यांवर गुंडाळलेली असते. अभ्रक तुटतं आणि जुनी नायक्रोमची तार ठिसूळ झालेली असते. तिचा वेटोळा सुटून शेजारच्या वेटोळ्याला टेकला तर तिथे ती जास्त तापणार. तार सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

आता तेल. इथे घरोघरी घोळ होतो. आजीनेच नंतर विचारलं, ‘‘खोबरेल का नाही घातलंस?’’ कारण खोबरेल थंडीत थिजतं आजी, आणि हीटर आपण थंडीतच लावतो! खाण्याचं कुठलंही तेल गरम झालं की चिकट होत जातं. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नाही, हे आपण दीडशे रुपये देऊन शिकलोच. हवं ते शिलाई मशीनचं पातळ तेल. दांडा जिथे बुशात शिरतो तिथे एक थेंब, दुसऱ्या टोकाला एक थेंब. टाचणीच्या टोकावर घेऊन सोडायचा. मग दांडा बोटाने फिरवायचा, थोडा पुढे-मागे हलवायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि लागला तर आणखी एक. जास्तीचं तेल पुसून घ्यायचं, नाहीतर फॅन ते कॉइलवर उडवतो आणि खोलीत धूर होतो. तिसऱ्या थेंबानंतर माझा फॅन एकदम मोकळा झाला. अक्षरशः जाणवलं बोटाला. आयुष्यात फार कमी गोष्टी इतक्या स्वस्तात सुटतात.

समजा तेल घालूनही फॅन लगेच अडकतोय, किंवा दांडा बुशात खडखड हलतोय, तर बुश झिजले. पातं तडकलं असेल तर ते डिंकाने किंवा इन्स्टंट गोंदाने चिकटवायचं नाही, उष्णतेने ते सुटतं. आणि मोटरचं बंडल काळं पडलं असेल तर ती जळली. एवढीशी मोटर काका रिवाइंड करत नाहीत. ‘‘माझी मजुरी नव्या मोटरपेक्षा जास्त होईल,’’ म्हणाले.

राहिला थर्मल फ्यूज. हे काम मी केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. पण करणाऱ्यावर नजर ठेवायला शिका. काकांनी जुना फ्यूज कापून माझ्या हातात दिला आणि तपकीर गल्लीत पाठवलं. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत मिळत नाही असा इलेक्ट्रिकचा पार्ट नसावा. फ्यूजवर दोन आकडे असतात, एक अंशांचा, एक अँपिअरचा. दोन्ही तेच हवेत. एका दुकानात मला ‘‘हा घ्या ना, जास्त पॉवरचा आहे,’’ म्हणून जास्त अंशांचा पुढे केला. म्हणजे राखणदार मिळणार, पण उशिरा उठणारा. मी तिथून निघाले. पुढच्या दुकानात बरोबर तो मिळाला, दोन वडापावच्या पैशात. काकांनी तो डाग न देता धातूच्या नळीत दाबून जोडला. डाग दिला तर डागाच्या उष्णतेनेच फ्यूज उडतो. म्हणजे नवा फ्यूज जन्मतःच मेलेला. आणि मग पुन्हा कुणीतरी म्हणणार, डायरेक्ट करून टाका. मग त्यांनी सिरीजचा बल्ब लावून तपासलं आणि ती टेपवाली वायर माझ्याकडे दिली. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तेव्हा दुरुस्तीला टाकलेला हीटर परत घेताना ‘चालतो का’ एवढंच विचारू नका. ‘डायरेक्ट केलाय का’ हे विचारा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. पार्ट मिळत नाही असं उत्तर आलं, तर हीटर तसाच बंद घेऊन या. तो बंद असलेलाच बरा. नवा घेतलात तर आयएसआय चिन्ह बघा, त्याबरोबरचा लायसन्स नंबर बीआयएस केअर या अॅपवर तपासता येतो.

दुरुस्तीनंतर आम्ही तो दुकानाच्या पायरीवर, मोकळ्यात चालवून बघितला. आधी दहा मिनिटं नुसता फॅन, मग १०००, मग २०००. सुरुवातीला धुळीचा थोडा वास येतो, तो जातो. प्लॅस्टिकचा वास आला तर तिथेच थांबायचं. काही मॉडेल्समध्ये कॉइल किंचित लालसर दिसते, पण भगभगीत केशरी दिसली की वारा कमी पडतोय हे नक्की. मग एकदा मुद्दाम मागची जाळी पुठ्ठ्याने झाकली. थोड्या वेळात ‘टक्’. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. (हा प्रयोग काका उभे होते म्हणून. घरी नको.)

प्लगचं राहिलंच. २००० वॅट म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर. पलंगाशेजारच्या, मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटचं ते काम नाही. ते असतं सहा अँपिअरचं. जाड पिनांचा प्लग त्यात बसत नाही म्हणून कन्व्हर्टर लावणारे आणि वर एक्स्टेन्शन बोर्ड जोडणारे वीर मी पाहिलेत. गेल्या थंडीपर्यंत मीही त्यांच्यातलीच. आता हीटर एसीच्या पॉवर प्लगला लावते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट सैल झालाय. आणि बंद करताना एकदम बटण न दाबता नॉब दोन मिनिटं ‘फॅन’वर ठेवायचा. कॉइल गार होते, बुशातल्या तेलाला उगाच भाजून काढत नाही. त्या खुणेचा उपयोग काय, हा प्रश्न मला अकरा वर्षं पडला होता.

मार्चमध्ये हीटर पुन्हा माळ्यावर गेला, पण या वेळी उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून, तोंडाला गाठ मारून. वाकलेली जाळी तशीच आहे.

आजी आता दुसऱ्या डोळ्यासाठी येतेय. फोनवर तिने दोनच गोष्टी विचारल्या. डॉक्टर तेच आहेत ना, आणि तो डबा उघडून बघितलास का? रविवारी उघडला. जाळीवर धुळीचा पातळ थर होता, ब्रशने झटकला. दोन्ही बुशांना एकेक थेंब तेल. मग टिचकी मारून मोजलं, सात फेऱ्या.